१०४ सिंफनी आणि एक निर्वासित वाद्यवृंद

एखाद्या संचालकाने एका संगीतकाराच्या सगळ्या सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या, की त्या संचाकडे दोन नजरांनी पाहता येते. एक नजर ग्रंथपालाची. यादी पूर्ण झाली का, एखादा क्रमांक राहून गेला का, हे ती पाहते. दुसरी नजर समीक्षकाची. इतक्या सगळ्या वादनातून संगीतकाराविषयी काही म्हणणे मांडले गेले आहे का, असे ती विचारते. बेथोव्हनच्या ९ सिंफनींच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न हमखास विचारला जातो. टोस्कानिनींचा बेथोव्हन, कारायान यांचा बेथोव्हन, असे आपण सहज बोलतो. योझेफ हायडनच्या वाट्याला मात्र बहुधा पहिलीच नजर येते. १०४ हा आकडाच माणसाला दडपून टाकतो. अंताल डोराती यांनी डेक्का कंपनीसाठी केलेल्या संपूर्ण हायडन-संचावरही ‘संदर्भासाठी उत्तम’ असा शेरा मारून तो कपाटात ठेवून देण्याची रीत आहे. मला हा शेरा अपुरा वाटतो. या संचाला स्वतःचे म्हणणे आहे, आणि ज्यांनी तो वाजवला त्यांच्यापासून ते वेगळे काढता येत नाही.

आधी कामाचा आवाका पाहू. १९६९ ते १९७२ या काळात पश्चिम जर्मनीतील मार्ल या खाणकामगारांच्या गावी हे ध्वनिमुद्रण झाले. १०४ क्रमांकित सिंफनी, क्रमांकात न बसलेल्या ‘ए’ आणि ‘बी’ या दोन, शिवाय काही रचनांचे पर्यायी पाठ, असा हा ऐवज पुढे ३३ सीडींमध्ये आला. पूर्वी हायडनच्या अनेक आरंभीच्या सिंफनींची विश्वसनीय स्वरलिपी वादकांना मिळत नसे. एच. सी. रॉबिन्स लँडन या संशोधकाने हस्तलिखिते ताडून १९६०च्या दशकात चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेचे मोल जाणणाऱ्या मराठी वाचकाला या कष्टांची कल्पना सहज येईल. डोरातींनी हीच आवृत्ती हाताशी धरली आणि संचासोबतची विवेचक टिपणे लँडन यांनीच लिहिली.

आता वादकांविषयी. १९५६च्या हंगेरीतील उठावाचा सोव्हिएत रणगाड्यांनी बीमोड केला, तेव्हा सुमारे २ लाख लोक देश सोडून गेले. त्यांत वाद्यवृंदांतले कसलेले कलावंतही होते. आपल्या मुंबईचे झुबिन मेहता त्या वेळी व्हिएन्नात शिकत होते. त्यांनी सहाध्यायांचा वाद्यवृंद जमवून या निर्वासितांच्या छावणीत कार्यक्रम केला होता. परागंदा वादक एकत्र आले आणि ‘फिलहार्मोनिया हंगारिका’ हा वाद्यवृंद उभा राहिला. पुढे पश्चिम जर्मन सरकारच्या आधाराने तो मार्लमध्ये स्थिरावला. डोराती स्वतः १९०६ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेले, बार्टोक आणि कोदाय यांच्या तालमीत शिकलेले आणि कित्येक वर्षे मायदेशाबाहेर राहिलेले. म्हणजे एका घर सुटलेल्या संचालकाने घर सुटलेल्या वादकांना घेऊन हे काम केले.

हायडनची निवड इथे योगायोगाची राहत नाही. १७६१ साली तो एस्तेरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या चाकरीत आला. सुरुवातीला त्याच्या हाताखाली जेमतेम १५ वादक असतील. ‘सकाळ’, ‘दुपार’ आणि ‘संध्याकाळ’ या ६, ७ आणि ८ क्रमांकांच्या सिंफनी नोकरीच्या त्या आरंभकाळातल्या. त्यांत बासरी, व्हायोलिन, चेलो यांना स्वतंत्र जागा आहेतच, पण एरवी मागे उभ्या असणाऱ्या डबल बासलाही आहे. नव्या साहेबाने सहकाऱ्यांची एकेक करून ओळख करून द्यावी, तसे हे लेखन आहे. डोरातींच्या वादनात या जागा दिमाखदार होत नाहीत. वादक रांगेतून उठतो, आपले बोलतो आणि खाली बसतो, असे वाटते. ३१व्या सिंफनीतील ४ हॉर्नही शिकारीचा देखावा उभा करण्याऐवजी चार मित्रांसारखे एकमेकांना हाका घालतात. हायडनने ‘वाद्यवृंद’ नावाच्या अमूर्त वस्तूसाठी लिहिले नाही, समोर बसलेल्या ठराविक माणसांसाठी लिहिले. या संचाचे म्हणणे मला हेच ऐकू येते.

त्याची खरी कसोटी १७७२ सालच्या ४५व्या, म्हणजे ‘निरोप’ सिंफनीत लागते. एस्तेरहाझाच्या उन्हाळी राजवाड्यात सरदारांचा मुक्काम लांबला. वादकांची बायकामुले आयझेनश्टाटला. हायडनने शेवटच्या भागात असे लिहिले की एकेकाने आपला वाटा संपवून उठून जावे आणि अखेर दोनच व्हायोलिने उरावीत. मालकाला इशारा कळला, अशी कथा आहे. त्या काळी ही दोन्ही ठिकाणे हंगेरीच्याच राज्यात होती. १९२१नंतर आयझेनश्टाटचा प्रदेश ऑस्ट्रियाकडे गेला आणि मधून सीमारेषा आली. १९५६चे हजारो निर्वासित याच पट्ट्यातली सीमा ओलांडून ऑस्ट्रियात शिरले. हायडनच्या वादकांना घरी जायचे होते. मार्लच्या वादकांनी घराकडे पाठ करून जवळपास तीच दिशा धरली होती. हे सारे ठाऊक असताना तो शेवटचा भाग भावविवश करणे किती सोपे होते! डोराती तो मोह टाळतात. लय थांबवून कुणालाही अश्रू गाळायला सवड देत नाहीत. एकेक वाद्य आपले काम नीट आटोपून गप्प होते. त्या नेमस्तपणातच मला त्यांच्या वाचनाची उंची दिसते.

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. मिन्युएट हा मुळात नाच, पण डोरातींकडे तो अनेकदा जड पावलांनी चालतो. आरंभीच्या छोट्या सिंफनींना तंतुवाद्यांचा भरीव आवाज पेलत नाही. सलग १० सिंफनी ऐकल्या तर त्या एकाच मुशीतून काढल्यासारख्या वाटू लागतात. ६०व्या सिंफनीत व्हायोलिनवाले ऐन वादनात तारा जुळवायला थांबतात. अशा चेष्टेला आणखी वात्रटपणा हवा होता. क्रिस्टोफर हॉगवुड यांनी पुढे हायडनच्या काळातल्या धर्तीची वाद्ये वापरली, तेव्हा यातले पुष्कळसे जडपण गळून पडले. त्यांची मालिका मात्र अपुरी राहिली. आदाम फिशर यांनी १९८७ ते २००१ या काळात आयझेनश्टाटच्या राजवाड्यातील सभागृहात ऑस्ट्रियन आणि हंगेरियन वादक एकत्र बसवून संपूर्ण संच केला. डोलदारपणात तो डोरातींच्या पुढे आहे. सीमा पुसत चालली होती तेव्हाचे ते संगीत आहे. ज्या २००१ साली फिशर यांचे काम पुरे झाले, त्याच साली फिलहार्मोनिया हंगारिका विसर्जित झाली. शीतयुद्ध संपल्यावर निर्वासितांच्या वाद्यवृंदाला पोसण्याचे राजकीय कारण उरले नव्हते आणि सरकारी मदत आटली होती.

म्हणून ‘सर्वोत्तम हायडन कोणाचा’ या स्पर्धेत डोरातींना उभे करण्यात मला रस नाही. सुट्या सुट्या सिंफनी घेतल्या तर त्यांना मागे टाकणारी वादने आज सहज सापडतात. पण संपूर्ण संच हा एका माणसाच्या चाकरीचा, सोबत्यांचा आणि तीन-साडेतीन दशकांच्या रोजच्या कामाचा हिशेब असतो. तो हिशेब एकाच हाताने आणि एकाच वाद्यवृंदाने मांडल्यामुळे ‘आनंदी पापा हायडन’ या सोयीस्कर चित्राला तडा जातो. नव्या श्रोत्याने लंडनच्या प्रसिद्ध सिंफनींपासून सुरुवात करू नये. आधी ६, ७, ८ ऐकाव्यात, मग ४४ ते ४७. त्यांपैकी ४७चा मिन्युएट सुलट वाजवून झाला की स्वर न् स्वर उलट क्रमाने वाजतो. त्यानंतर ५० ते ८०च्या दरम्यान, जिथे टोपणनावे विरळ होतात, तिथे रेंगाळावे. बाजारात ज्यांना फारशी मागणी नाही, त्या रचनाही डोराती आणि त्यांचे वादक तितक्याच निष्ठेने वाजवतात. या संचातील सर्वांत मोलाची गोष्ट मला तिथे सापडते.