पुढची तारीख कोणी मोजावी?

मायक्रोसॉफ्ट वर्ड आजची तारीख आपोआप घालतो. पण तीत १५ दिवस मिळवण्याची साधी सोय देत नाही. तारखेच्या फील्डमध्ये नुसत्या दिवसाच्या आकड्यात १५ मिळवले, तर २० जानेवारीला उत्तर येते ३५ जानेवारी! महिन्यांचे दिवस, लीप वर्ष हे सारे सूत्रात आपणच मांडायचे. लिबरऑफिस रायटरमध्ये दिवस मिळवता येतात, ही जमेची बाजू. आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. अशी बदलती तारीख फाइल पुन्हा उघडताच पुढे सरकते. परीक्षा-फीच्या सूचनेतली मुदतच सरकली, तर विद्यार्थ्याने कोणती खरी मानावी? म्हणून वर्डमध्ये तारीख निवडून कंट्रोल, शिफ्ट व एफ९ या कळा एकत्र दाबाव्यात, तारीख गोठते. मग ती दिनदर्शिकेशी ताडूनच सूचना फलकावर लावावी.