अंतरपट आणि पडदा

सोलापुरातल्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये निवासमंडपाचा एक रंगीत तक्ता होता. निवासमंडप म्हणजे मोशेच्या काळी इस्राएल लोकांनी रानात उभारलेला, उचलून नेता येणारा उपासनेचा तंबू. तक्त्यावर प्रत्येक वस्तूला बाण आणि बाणाच्या टोकाला अर्थ. निळा म्हणजे स्वर्ग, किरमिजी म्हणजे रक्त. बाभळीचं लाकूड म्हणजे ख्रिस्ताचं माणूसपण, त्यावर मढवलेलं सोनं म्हणजे देवपण. आम्ही पोरं ते घोकायचो. पप्पा यंत्रमागावर कामाला होते. एकदा तक्त्यासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "ह्या कापडाचा पन्हा किती?"

तक्त्यावर ते नव्हतं, पण निर्गमच्या २६व्या अध्यायात होतं. दहा पडदे, प्रत्येक २८ हात लांब आणि ४ हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर पन्हा सहा फुटांचा. पाच-पाच पडद्यांचे दोन पट, दोन्हींच्या काठाला पन्नास-पन्नास बिरडी आणि ती जोडायला सोन्याचे पन्नास आकडे. "म्हणजे मधोमध सोडवता येतंय," पप्पा म्हणाले. "नाहीतर एवढं धूड उचलणार कोण?"

बाण काढायची ही परंपरा जुनी आहे. आठव्या शतकात इंग्लंडमधल्या बीड नावाच्या मठवासीयाने निवासमंडपाच्या अर्थांवर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. मूळ मात्र नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात आहे. त्या लेखकासाठी तंबू ही स्वर्गीय गोष्टींची छाया आणि पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देह. पण त्याचा संयम बघा. समई, मेज, कोश, करूब अशी यादी देऊन तो म्हणतो की आत्ता एकेकाबद्दल बोलणं शक्य नाही. त्याने जे सोडलं, ते नंतरच्यांनी भरून काढलं.

माझी तक्रार प्रतीकाबद्दल नाही, घाईबद्दल आहे. बाभूळ घ्या. आपल्याकडे ती बांधावर उगवते, तिच्या लाकडाचे कुळव होतात, उरलेलं चुलीत जातं. सीनायच्या कोरड्या मुलखातही बाभळीच्याच जातीची झाडं. देवाचा कोश असल्या काटेरी लाकडाचा, हे आधी जाणवलं तर 'माणूसपण' या शब्दाला वजन येतं. बाण थेट अर्थावर नेतो आणि झाड मागे राहतं.

मराठीत तर भाषांतरानेच एक बाण काढून ठेवलाय. परमपवित्रस्थानासमोर टांगायच्या कापडाला प्रचलित मराठी बायबल निर्गममध्ये 'अंतरपट' म्हणतं. आपल्या कानाला अंतरपट म्हणजे लग्नातला. मंगलाष्टकं संपली की दूर होतो, तो धरतातच त्यासाठी. मूळ हिब्रू 'पारोखेत' मात्र वेगळं करण्यासाठी आहे, कायम राहण्यासाठी. म्हणजे एका शब्दाने मोशेच्या तंबूत शेवट आधीच आणून ठेवला. आणि गंमत अशी की मत्तयात, येशूच्या मृत्यूच्या क्षणी ते कापड खरोखर फाटतं, तिथे शब्द येतो साधा 'पडदा'. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द असल्याने वाचकाला जो धक्का बसतो, तो आपल्याला बसत नाही.

हेच कापड न फाटता वाचणारे लोकही मराठीच बोलतात. रायगडातले बेने इस्राएल, ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणत, त्यांच्यासाठी निर्गम कशाचीही छाया नाही. पुण्यातलं १८६०च्या दशकातलं लाल देऊळ बाहेरून चर्चच वाटतं, गॉथिक कमानी आणि उंच मनोरा. पण नाव ओहेल दाविद, म्हणजे दाविदाचा तंबू. अनेक सिनेगॉगमध्ये तोराच्या गुंडाळ्यांच्या कपाटासमोर आजही पारोखेत असतो. वाचनाच्या वेळी तो बाजूला सारतात आणि नंतर पुन्हा लावतात. 'तंबू आमच्याबद्दलच होता' असं आपण छातीठोकपणे शिकवतो, तेव्हा हे शेजारी कुठे बसवायचे?

आणि ज्यांनी तंबू विणला ते? निर्गमने त्यांची नोंद ठेवली आहे. बकऱ्याचे केस कातणाऱ्या बायका, आणि दान वंशातला अहलियाब, नक्षीचा आणि विणकामाचा कारागीर. तक्त्यावर त्याला बाण नव्हता.

हे नाव मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मजुरी काय मिळाली त्याला?"

त्याबद्दल निर्गम गप्प आहे.