‘शाकाहारी जनुका’ची उपपत्ती आणि मालवणचा आहार

आहार व जनुकनियमन यांच्या परस्परसंबंधाचे सुबक उदाहरण म्हणून २०१६ सालच्या एका शोधनिबंधाचा उल्लेख वारंवार होतो. कॉर्नेल विद्यापीठातील कोथापल्ली, ब्रेन्ना प्रभृती संशोधकांनी पुण्यातील २३४ व अमेरिकेतील ३११ व्यक्तींची तुलना केली. फॅड्स–२ या जनुकात २२ घटकांचा एक तुकडा कोणात असतो, कोणात नसतो. दोन्ही प्रतींत तो असणारे पुण्याच्या गटात ६८ टक्के, अमेरिकनांत १८ टक्के भरले. हा तुकडा प्रथिन घडवीत नाही. जनुकाने किती जोमाने काम करावे, एवढेच ठरवितो. तो असला म्हणजे वनस्पतिज तेलांतील लिनोलिइक अम्लापासून शरीर अधिक अरॅकिडोनिक अम्ल तयार करते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शाकाहाराने या तुकड्याची निवड झाली, असा निष्कर्ष पुढे मांडण्यात आला. वृत्तपत्रांनी तर त्यावरून शाकाहाराने कर्करोग बळावतो इथपर्यंत मजल मारली. निबंधात रोगाचे मोजमापच नव्हते!

नियमनाविषयीचा भाग भक्कम आहे, निवडीविषयीचा तितका नाही. पुणे व अमेरिका यांत भेद केवळ ताटाचा नसून वंशाचाही आहे. शिवाय त्याच निबंधात आफ्रिकी समूहांतील प्रमाण ५३ टक्के दिले आहे, आणि त्या समूहांना शाकाहारी म्हणता येत नाही.

खरी कसोटी घाटाखाली आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर बांगडा व तारली यांतून दीर्घ साखळीची मेदाम्ले आयतीच मिळतात. वाटणातल्या नारळात लिनोलिइक अम्ल अत्यल्प. कच्चा माल थोडा, पक्का माल मुबलक. त्यातच ही मेदाम्ले एसआरईबीपी–१ या नियामक प्रथिनाला आवर घालतात, आणि ते प्रथिन या तुकड्याच्या जवळच जनुकाशी जोडले जाते. तेव्हा गाबितांसारख्या परंपरेने मासेमारी करणाऱ्या समाजातही तुकड्याचे प्रमाण पुण्याइतकेच आढळले, तर शाकाहाराची उपपत्ती डळमळेल. जातींतर्गत विवाहांमुळे येथेही वंशभेद आड येतोच. म्हणून एकच जात घेऊन भागणार नाही, मत्स्याहारी सारस्वतांचीही तपासणी हवी.

नियमनाचा प्रश्न त्याहून सोपा आहे. जून-जुलैत यांत्रिक नौका बंद असतात, ताजी मासळी दुर्मीळ होते, सुक्यावर भागवावे लागते. त्याच घरांत आता सूर्यफुलाचे व सोयाबीनचे तेलही शिरले आहे. एकाच व्यक्तीच्या रक्तातील मेदाम्ले मे महिन्यात व जुलैअखेर मोजली, तर वंशभेदाची अडचण उरत नाही; मात्र घरात तेल कोणते व किती लागले, याची नोंद त्यासोबत ठेवावी लागेल.