गुन्ह्याचे भाकीत आणि आठवीचे गणित

उद्या कोण गुन्हा करील हे आज सांगता येईल का? मार्च 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने नागपूरला ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. पोलिसांजवळच्या माहितीचे संगणकाकडून विश्लेषण करून गुन्ह्यांचा आगाऊ अंदाज घेणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक. पैसा सरकारी, तेव्हा हिशेब विचारायला हवा.

तो आठवीच्या फळ्यावरही मांडता येतो. समजा, कशेळे परिसरातल्या 10,000 माणसांपैकी 10 जण वर्षभरात गंभीर गुन्हा करणार आहेत. यंत्र गुन्हेगार आणि निरपराधी दोघांनाही 95 टक्के वेळा बरोबर ओळखते. (इतके अचूक यंत्र मिळणे कठीण, पण धरून चालू.) त्या 10 पैकी 9-10 जण सापडतील. उरलेल्या 9,990 पैकी 5 टक्के, म्हणजे सुमारे 500 माणसे विनाकारण संशयित ठरतील. यादीतल्या दर 51 नावांत 50 निर्दोष! मुलांना उत्तर चुकल्यासारखे वाटते; त्यांना पुन्हा करू द्यावे. शोधायची गोष्ट विरळ असली की असेच होते.

अमेरिकेत विमानतळांवर प्रवाशांचे हावभाव पाहून संशयित हेरण्याच्या योजनेवर 2007 पासून सुमारे 90 कोटी डॉलर खर्च झाले. 2013 मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनीच सांगितले की, असे ओळखणे नाणेफेकीपेक्षा फारसे सरस असल्याचा पुरावा नाही.

दुसरा दोष या गणितात दिसत नाही. संगणक शिकतो पोलिसांच्या नोंदींवरून, आणि नोंदी जास्त होतात त्या पोलीस जिथे जास्त फिरतात तिथल्या. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना हजेरी लावली. हजेरी चुकवणे हाच गुन्हा. मग नोंदी वाढल्या यात नवल ते काय! कायदा 1952 मध्ये गेला, संशय मागे राहिला.

आपल्याकडचे कातकरी घ्या. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. झोपडी बंद, ठावठिकाणा बदलता, मुले हजेरीपटावर गैरहजर. शिक्षकाला कारण ठाऊक असते. यंत्रापर्यंत पोचते ती फक्त गैरहजेरी.

म्हणून अशा यंत्राने किती गुन्हेगार पकडून दिले एवढेच विचारून भागणार नाही. किती निर्दोषांवर बोट ठेवले आणि त्यांची नावे नोंदीतून काढली का, हे आकडे दरवर्षी जाहीर करायला लावले पाहिजेत.