वऱ्हाड आणि बिऱ्हाड : परमुलखातील कुटुंबाचे मराठी साहित्यातील स्थान

नोकरीधंद्यासाठी परमुलखात गेलेला मनुष्य आपल्या घरच्या माणसांना केव्हा बोलावून घेतो, कोणाकोणाला बोलावतो आणि कोणाला मागे ठेवतो, हा प्रश्न वरवर पाहता समाजशास्त्राचा आहे. तथापि तो वाङ्मयसमीक्षेचाही आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. कारण जो गेला त्याने लिहिले, जो मागे राहिला त्याच्याविषयी लिहिले गेले. परंतु जे माणूस मागाहून नेले गेले, त्याचा स्वतःचा आवाज आपल्या साहित्यात कितपत उमटला आहे, याचा शोध घेतला तर उत्तर फारसे समाधानकारक मिळत नाही.

या शोधासाठी परिभाषा बाहेरून आणण्याचे कारण नाही. मराठीत दोन शब्द आयते तयार आहेत. एक वऱ्हाड आणि दुसरा बिऱ्हाड. येथे वऱ्हाड हा शब्द प्रांतवाचक नव्हे, लग्नाला निघालेल्या मंडळींचा वाचक आहे. वऱ्हाड जाते ते परत येण्यासाठी. त्याचा मुक्काम ठरलेला, मानपान ठरलेला. बिऱ्हाडाचे तसे नाही. बिऱ्हाड म्हणजे दुसऱ्याच्या गावात, बहुधा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत, मांडलेला संसार. त्याला परतीची तिथी नसते आणि कायमपणाची शाश्वतीही नसते. घरच्या माणसांना परमुलखी नेण्याचा विषय मराठी लेखकांनी हाताळला तेव्हा त्यांनी वऱ्हाडाचे चित्र उत्तम काढले, मागे राहिलेल्या घराचेही काढले. बिऱ्हाडाचे चित्र मात्र क्वचितच काढले, असे आमचे प्रतिपादन आहे.

प्रथम वऱ्हाडाचा विचार करू. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे १९७९ साली रंगभूमीवर आलेले एकपात्री नाटक मराठवाड्याच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. मराठवाड्यातील एका खेड्यातील आप्तमंडळी लग्नासाठी लंडनला निघतात, या एका कल्पनेवर ५२ व्यक्तिरेखा एकाच नटाने उभ्या करण्याचा तो प्रयोग होता. त्याची कीर्ती अभिनयकौशल्यावर आणि बोलीच्या अस्सलपणावर उभी आहे आणि ती यथार्थच आहे. परंतु या नाटकाने आणखी एक गोष्ट साधली, तिच्याकडे समीक्षकांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. परदेशी असलेल्या एका माणसाचे ‘घर’ म्हणजे कोण, या प्रश्नाला येथे सबंध भावकी आणि गाव हे उत्तर मिळते. सरकारी कागदावर न मावणारे हे कुटुंब आहे. आणि ते मावत नाही यातच विनोदाचे मूळ आहे.

तथापि हा विनोद शक्य होतो तो मंडळी परतणार आहेत म्हणूनच. विमानात बसण्याची धांदल, परभाषेशी होणारी झटापट, अनोळखी रीतिरिवाजांपुढची तारांबळ ही सारी पहिल्या काही दिवसांची नवलाई आहे. हीच माणसे लंडनमध्ये तीन वर्षे राहिली असती तर? त्यांतील एखादी सासू हिवाळ्यात दिवसभर एका खोलीत बसून राहिली असती, तर त्या खोलीत विनोद कितपत टिकला असता? नाटककाराने हा प्रश्न घेतला नाही, यात त्याचा दोष नाही. वऱ्हाडाच्या कथेने बिऱ्हाडाची कथा सांगावी ही अपेक्षाच अन्याय्य आहे. दोष असलाच तर तो आपला, म्हणजे वाचकांचा आणि समीक्षकांचा आहे. कारण परदेश आणि मराठवाड्यातील कुटुंब यांच्या भेटीचे हेच एक चित्र आपण पुरेसे मानले.

याच विषयाचे दुसरे टोक जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकात दिसते. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकातील या नाटकातील नाना आणि नानी यांचा एक मुलगा अमेरिकेत आहे, दुसरा सैन्यदलात आहे. रंगमंचावर दिसते ते मागे राहिलेले घर. दळवींनी एकाकीपणाचे दुःख अतिशय संयमाने हाताळले आहे. परंतु त्यांच्याही रचनेत परदेश हा पडद्यामागेच राहतो. आईबापांनी तेथे जाऊन राहावे, ही शक्यता त्या दुःखावरचा उपाय ठरली असती की त्याच दुःखाचे दुसरे रूप, हे नाटक सांगत नाही. म्हणजे एका कृतीत सारे जातात आणि परत येतात. दुसरीत कोणी जात नाही. मधला प्रदेश मोकळाच राहतो.

या मधल्या प्रदेशात शिरावयाचे तर एकोणिसाव्या शतकाकडे वळावे लागते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून पतीविना अमेरिकेस निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. गोपाळराव मागाहून तेथे गेले. आधी जाणारी पत्नी आणि मागाहून येणारा पती, असा हा नेहमीच्या क्रमाला छेद देणारा प्रसंग आहे. येथे आनंदीबाईंच्या धैर्याची चर्चा आपण पुष्कळ केली. परंतु ज्या पत्नीला आपण घडविले असे ज्याला वाटत होते, तो गृहस्थ परक्या देशात तिच्या आधाराने वावरू लागला, या विलक्षण पालटाची चर्चा थोडी झाली. गोपाळरावांनी अमेरिकेत पाश्चात्त्य समाजावर टीकेची झोड उठविणारी भाषणे केली. त्यांच्या हट्टी स्वभावाने त्यांचा उलगडा होतो, हे खरे. पण मागाहून नेल्या गेलेल्या माणसाची अस्वस्थता म्हणूनही ती वाचता येतात. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने हे नाते मनाच्या तळापर्यंत जाऊन पाहिले, म्हणूनच तिचे मोल केवळ चरित्रात्मक नाही.

मागाहून गेलेल्या माणसाने स्वतःच आपली हकीकत सांगितल्याचे मराठीतील सर्वश्रेष्ठ उदाहरण मात्र परदेशाचे नाही. ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगरास त्यांच्याकडे राहावयास गेल्या. नाशिक आणि नगर यांत समुद्र आडवा येत नाही, तरी लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने तो परमुलूखच होता. कारण चूल, पाणी, सोवळे, शेजार, देव हे सर्वच बदलले होते. अंतर कोसांनी मोजावयाचे की चुलीने, हा प्रश्न या ग्रंथाने निकालात काढला. आपण कशाला भ्यालो, कशाला नाक मुरडले आणि पुढे त्याच गोष्टीत आपण कशा रमलो, हे लक्ष्मीबाई स्वतःला हसत सांगतात. या हास्याची जात वऱ्हाडाच्या विनोदाहून निराळी आहे. वऱ्हाडाचा विनोद नवख्या माणसाकडे पाहणाऱ्याचा आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद खुद्द नवख्या माणसाचा आहे. बिऱ्हाडाच्या वाङ्मयाची कसोटी हीच, असे आम्हांस वाटते.

आता हे सारे जालना जिल्ह्याशी कसे जोडले जाते ते पाहू. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळा लागला की परततात. देशाची सीमा ते ओलांडत नाहीत. परंतु परभाषा, परका मालक, कारखान्याच्या परिसरातील पाचटाच्या कोप्या आणि गावी राहिलेली म्हातारी माणसे ही परमुलखाची सारी लक्षणे तेथे आहेत. या व्यवसायातील एक शब्द आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’वर. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटे माणूस असेल तर तो अर्धा कोयता. ऊस तोडावयाचे हत्यार हे दांपत्याचे नाव झाले आहे.

जुन्या मराठीत ‘कुटुंब’ हा शब्द पत्नी या अर्थी सर्रास योजला जाई; ‘कुटुंब गावी आहे’ म्हणजे बायको गावी आहे. तेथे सबंध घर एका बाईपुरते आकसले होते. ‘कोयता’ या शब्दात त्याहून निराळे घडते. तेथे बाई मोजली जाते, पण स्वतंत्रपणे नाही. पुरुष ऊस तोडतो. बाई मोळी बांधते, डोक्यावरून वाहते, पहाटे उठून भाकरी थापते. पण हिशेब बहुधा पुरुषाच्या नावे होतो आणि खाडा पडला तर तो दोघांच्या कोयत्यावर पडतो. लेकरे बरोबर न्यावीत तर शाळा सुटते, गावी ठेवावीत तर ती आजीआजोबांच्या किंवा हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर राहतात. म्हणजे कोणाला नेणे आणि कोणाला ठेवणे हा निर्णय वात्सल्याने होत नाही, कामाच्या रचनेने होतो.

परदेशी जाणाऱ्या सुशिक्षितांची गोष्ट निराळी आहे, असे कोणी म्हणेल. निराळी आहे खरी. परंतु वाटते तितकी नाही. अमेरिकेत एच-१बी परवान्यावर नोकरी करणाऱ्यास पती अथवा पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले एच-४ या परवान्यावर नेता येतात. आईवडिलांस त्या व्याख्येत स्थान नाही, ते पाहुणे म्हणून येतात आणि मुदत संपली की परततात. एच-४ वरील काही जोडीदारांना नोकरीची मुभा मिळाली ती २०१५ साली. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ साली कुटुंब आणण्यासाठी मासिक ४,००० दिरहम, अथवा ३,००० दिरहम आणि राहावयाची जागा, अशी वेतनाची अट घातली. ब्रिटनने तर ११ मार्च २०२४ पासून वृद्धांची व रुग्णांची शुश्रूषा करण्यासाठी नव्याने येणाऱ्या परदेशी सेवकांना जोडीदार व मुले आणण्यास बंदी केली. दुसऱ्यांच्या आईबापांची सेवा करावयाची आणि आपली लेकरे मायदेशी ठेवावयाची, असा तो नियम होता.

येथे दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. मुकादम कोयता मोजतो, सरकार परवाना मोजते. दोन्ही ठिकाणी कुटुंब म्हणजे कोण हे कुटुंब ठरवीत नाही. काम देणारा अथवा प्रवेश देणारा ठरवितो, आणि दोन्ही ठिकाणी वृद्ध आईबाप त्या व्याख्येबाहेर पडतात. हे साम्य सांगताना भेद पुसून टाकता कामा नये. ऊसतोडीस गेलेल्या बाईला काम आहे, पण तिचे वेगळे नाव नाही. परवान्यावर गेलेल्या पत्नीला कागदावर नाव आहे, परंतु वर्षानुवर्षे तिला काम करण्याची मुभा नव्हती आणि अनेकींना अजूनही नाही. एकीची दमणूक आणि दुसरीची कुचंबणा यांना एकाच मापाने मोजणे हा अविचार ठरेल. परंतु दोघींनी विचारावयाचा प्रश्न एकच आहे : मला येथे आणले ते कोण म्हणून?

समीक्षेचे काम येथून सुरू होते. आपण एका प्रकारच्या लेखनावर ‘ग्रामीण’ अशी चिठ्ठी लावतो, दुसऱ्यावर ‘अनिवासी मराठी’ अशी. दोन कप्पे वेगळे झाले की त्यांतील माणसे एकमेकांना भेटत नाहीत. मंठ्याच्या कोयत्यातील बाई आणि परदेशातील सदनिकेत दिवस मोजणारी मराठवाड्याचीच लेक, या दोघी एकाच गावच्या, क्वचित एकाच घरच्याही असू शकतात. परंतु वाङ्मयप्रकारांच्या आपल्या यादीत त्या एका पानावर येत नाहीत. ‘बिऱ्हाड’ ही कल्पना हाती घेतली तर त्या एका पानावर येतील आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ त्यांच्या शेजारी ठेवता येतील. मग भाषा कोणती, चूल कोणाची, परत जाण्याचा अधिकार कोणाच्या हाती, असे प्रश्न तिन्हींना सारखेच विचारता येतील.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या दृष्टीने एक सुचवावेसे वाटते. मागाहून नेल्या गेलेल्या माणसांची पत्रे, आठवणी, तोंडी सांगितलेल्या हकीकती आपल्याच जिल्ह्यांतून गोळा कराव्यात. कोपीत राहून आलेल्या आजीच्या आणि मुलाकडे परदेशी सहा महिने काढून आलेल्या आजीच्याही. त्या सांगताना दोघी कोठे हसतात आणि कोठे गप्प होतात, याची नोंद ठेवावी. वऱ्हाडाची हकीकत सांगावयास माणसे उत्सुक असतात, ती ऐकावयास फारसे कष्ट पडत नाहीत. बिऱ्हाडाची हकीकत विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि ती विचारली गेली नाही, हेच आजवरच्या आपल्या अभ्यासाचे मुख्य न्यून होय.