जिवंत पुरले जाण्याचे भय : पोच्या एका कथेविषयी

एडगर ॲलन पो या अमेरिकन कथाकाराची ‘द प्रिमच्युअर बेरिअल’, म्हणजे ‘मरणापूर्वीचे दफन’, ही कथा १८४४ साली फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात प्रथम प्रसिद्ध झाली. पोच्या उत्कृष्ट कथांत तिची गणना सहसा होत नाही. अखेरीस लेखक वाचकाची थट्टा करतो, असा तिच्यावर आक्षेप आहे. प्रथम वाचनी आमचेही मत तसेच झाले होते. अलीकडे ती पुन्हा वाचण्याचा योग आला, आणि ज्या शेवटास दोष दिला जातो त्यातच कथेचे मर्म आहे, असे आता आम्हांस वाटते.

कथेचा निवेदक प्रारंभी चार-पाच हकीकती सांगतो. बाल्टिमोरच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाची पत्नी मृत समजून कुटुंबाच्या तळघरात ठेवली जाते. तीन वर्षांनी पती दार उघडतो, तो तिचा सांगाडा त्याच्याच अंगावर कोसळतो. फ्रान्स, लाइपझिग, लंडन येथील अशाच आणखी कथा येतात. मग निवेदक स्वतःकडे वळतो. त्याला मधूनमधून निश्चेष्ट पडण्याचा विकार आहे, आणि अशा अवस्थेत आपल्याला कोणी पुरून टाकील या धास्तीने त्याचे आयुष्य व्यापले आहे. तो तळघराचे दार आतून उघडेल अशी योजना करतो, शवपेटीला मऊ अस्तर लावतो, वर टांगलेल्या घंटेची दोरी प्रेताच्या हाताला बांधली जाईल अशी व्यवस्था करतो. आणि एके रात्री तो जागा होतो, तो गडद अंधार, तोंडापासून वीतभर अंतरावर लाकूड, जबडा बांधलेला, नाकात ओल्या मातीचा वास! तो किंचाळतो. उत्तरादाखल काही रांगडे खलाशी ‘काय झाले तरी काय?’ म्हणून त्याच्यावर खेकसतात. शिकारीला गेला असता वादळामुळे त्याने एका लहानशा गलबताच्या अरुंद फळीवर रात्र काढलेली असते. गलबतात बागेची माती भरलेली असते, आणि डोक्याला त्याने स्वतःच रुमाल बांधलेला असतो.

हे भय केवळ पोच्या कल्पनेतून निघालेले नव्हे. १७४० साली पॅरिसमध्ये विन्स्लो या शरीरशास्त्रज्ञाने, शरीर कुजू लागणे हेच मृत्यूचे एकमेव खात्रीचे लक्षण, असे प्रतिपादन केले. दोन वर्षांनी ब्रुइये या वैद्याने त्या लॅटिन प्रबंधाचे फ्रेंच भाषांतर केले, आणि त्याला जिवंत पुरलेल्यांच्या असंख्य ऐकीव गोष्टी जोडल्या. शास्त्राची शंका एकपट आणि गोष्टींची भर दसपट! पुढील दीड शतक युरोपात ही भीती फोफावली. डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल याने १८९५ च्या मृत्युपत्रात, मरणानंतर आपल्या शिरा कापाव्यात व वैद्यांनी मृत्यूची खात्री केल्यावरच दहन करावे, असे लिहून ठेवले. १८९६ साली लंडनमध्ये अशा दफनाला प्रतिबंध करण्यासाठी एक संस्थाच निघाली; पुढच्याच वर्षी रशियन दरबारातील कार्निकी नामक उमरावाने अशी शवपेटी तयार केली, की आतल्या माणसाची छाती हलताच वर निशाण उभारावे आणि घंटा वाजावी. इटालियन मनोवैद्य मोर्सेली याने १८९१ मध्ये या विकाराला ‘टॅफेफोबिया’ असे नाव दिले. म्हणजे नाव मिळण्याआधी सत्तेचाळीस वर्षे पोने त्याचे निदान करून ठेवले होते.

निदान हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. गलबतावरील त्या रात्रीनंतर निवेदक प्रवास करतो, मोकळ्या हवेत व्यायाम करतो, घरगुती वैद्यकाचे पुस्तक जाळतो, स्मशानावरचे काव्य वाचणे सोडतो. आणि त्याची भीती जाते, तीबरोबर तो निश्चेष्टपणाचा विकारही जातो. विकारामुळे भय नव्हते, भयामुळेच कदाचित विकार होता, असे तो सुचवतो. मग आरंभीच्या त्या हकीकती कशासाठी होत्या, हे वाचकाच्या ध्यानात येते. त्या पुराव्यादाखल नाहीत. त्या रोगाचे बीज आहेत.

मानसशास्त्र येथवर बऱ्याच उशिरा आले. १९२० साली वॉटसन आणि रेनर यांनी एका तान्ह्या मुलापुढे पांढरा उंदीर ठेवून पाठीमागे लोखंडी कांब ठणकावली, आणि मुलाला उंदराचे भय जडले. हा प्रयोग पोच्या निवेदकाला लागू पडत नाही. त्याला कोणी कधी पुरले नव्हते. १९७७ साली रॅकमन यांनी प्रत्यक्ष आघात आणि दुसऱ्याचे भय पाहणे या दोन मार्गांच्या जोडीला तिसरा मांडला, तो म्हणजे नुसते ऐकणे-वाचणे. विचित्र भयांच्या बाबतीत हा मार्ग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. कारण ज्या गोष्टीची गाठ आयुष्यात पडण्याचा संभव नाही, तिचे भय दुसरे कोठून येणार?

याची साक्ष आम्ही स्वतः देऊ शकतो. ही कथा प्रथम वाचली तेव्हा आम्ही विद्यार्थी होतो, आणि नंतर कित्येक रात्री तोंडावर पांघरूण घेण्याचे धैर्य झाले नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या प्रेताला अग्नीच दिला जातो. शवपेटी आम्ही डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. उलट, लहानपणी वडीलधाऱ्यांबरोबर आळंदीस जात असू. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी तेथे जिवंतपणी समाधी घेतली, हे वारंवार कानांवर पडे; त्या शिळेपाशी उभे राहून आम्ही हात जोडत असू, आणि भयाचा लवलेशही मनात येत नसे. बंद जागा तीच, वर दगड तोच. गोष्ट निराळी सांगितली होती, एवढेच.

कथेत दोष नाहीत असे नाही. आरंभीच्या हकीकती खऱ्या म्हणून सांगताना पोची शैली वर्तमानपत्री होते, आणि अखेरचा परिच्छेद प्रवचनासारखा आहे. एका रात्रीत समूळ बरे होणेही फार सोयीचे वाटते. भयाच्या वस्तूला सामोरे नेऊन भय घालवण्याची रीत आज रूढ आहे. परंतु १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला बरे केले, ते ससा हळूहळू, पायरीपायरीने जवळ आणून. पोने आपल्या निवेदकाला एकदम शवपेटीतच झोपवले.

परंतु त्या प्रवचनाच्या जरा आधी एक वाक्य आहे, त्यासाठी आम्ही हे सारे माफ करतो. काय काय वाचणे सोडले, याची यादी देता देता निवेदक भुताखेतांच्या गोष्टींपाशी येतो, आणि जाता जाता म्हणून टाकतो, की प्रस्तुत गोष्टही त्यांपैकीच एक. वाचक या वाक्यापाशी पोहोचतो तेव्हा ती बहुतेक सारी वाचून झालेली असते.