न काढलेली परतवाट

मॉरिस मायनरच्या दुरुस्ती-पुस्तिकेत वायरिंग डायग्रामचे एक पान असते. काळ्या रेघा, चौकोन, वर्तुळे आणि जागोजागी संकेताक्षरे. ॲलेक इसिगोनिसने आखलेली ही गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिच्या गोलाईवर पुष्कळ लिहिले गेले. या पानावर मात्र सहसा कुणी रेंगाळत नाही. हेडलाइट मंद झाला की त्यावरून घाईने बोट फिरते आणि पुस्तिका मिटते. खरे तर हे पान सावकाश वाचण्याचे आहे.

त्याची किल्ली रंगांत आहे. लुकास कंपनीच्या संकेतात तपकिरी तार थेट बॅटरीकडून आलेली, सदैव जिवंत. पांढरी इग्निशन स्विचनंतरची, हिरवी त्याच्याही पुढे फ्यूजमधून गेलेली. साइडलाइट-टेललाइटची लाल, अर्थिंगची काळी, हेडलाइटची निळी. ही निळी दिव्यांच्या स्विचपासून निघून ड्रायव्हरच्या पायाखालच्या डिपर-स्विचपाशी येते आणि तिथे दुभंगते: निळ्यावर पांढरी रेघ ती अप्पर, निळ्यावर लाल रेघ ती डिपर. मूळ रंग घराणे सांगतो, रेघ काम सांगते. मॉरिस ऑक्सफर्डपासून घडलेल्या आपल्या ॲम्बॅसेडरवर हात बसलेल्या इलेक्ट्रिशियनलाही हे रंग ओळखीचे वाटावेत.

हा दुभंग म्हणजे बिघाड शोधण्याची पहिली पायरी. दोन्ही बाजूंचा अप्पर आहे पण डिपर नाही, तर दोन्ही बल्ब एकाच वेळी गेले असे मानण्याआधी पायाखालचा स्विच बघावा. पावसाचे पाणी, बुटांचा चिखल, सारे त्याच्याच वाट्याला येते. दोन्ही दिवे दोन्ही तऱ्हांनी गेले, तर दोष फाट्याच्या अलीकडे. एकच दिवा रुसला, तर पलीकडे, त्या दिव्याच्या दारात. आराखडा दोष दाखवत नाही, पण तो कुठे असू शकत नाही हे ठामपणे सांगतो. निम्मी गाडी उकलण्याचे कष्ट तिथेच वाचतात.

डॅशबोर्डवरचा इग्निशनचा लाल दिवा ही या पानातली सर्वांत देखणी जागा. त्याचे एक टोक इग्निशनकडे, दुसरे डायनॅमोकडे. किल्ली फिरवली की बॅटरीच्या बाजूला दाब आहे आणि डायनॅमो गप्प, म्हणून तो पेटतो. इंजिनाने वेग घेतला की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि तो विझतो. वेगळा मीटर नाही, यंत्रणा नाही. साध्या बल्बकडून वजाबाकी करून घेतली आहे. म्हणूनच भर वेगात तो मिणमिणत राहिला, तर दोन बाजूंत कुठेतरी फरक उरला आहे हे उमगते. हेडलाइटही त्याच वेळी फिके असतील, तर चौकशी चार्जिंगपासून सुरू करावी.

काय गाळले आहे, तेही वाचावे लागते. हेडलाइटच्या वाटेवर फ्यूज नाही. एक फ्यूज उडून भर वळणावर काळोख होऊ नये, असे त्याचे कारण सांगतात. त्याची किंमत अशी, की शॉर्ट झाले तर तारच जळते. आज कुणी तिथे फ्यूज आणि रिले बसवले, तर तो मूळ संहितेचा अपमान नव्हे. जुन्या स्विचवरचा भार उतरवणारी ती जाणत्याची दुरुस्ती आहे.

सर्वांत मोठी गाळलेली गोष्ट मात्र परतीची वाट. बॅटरीकडून दिव्याकडे जाणारी प्रत्येक तार नावारूपासह काढली आहे. दिव्याकडून परत येताना काळ्या तारेचा एक तुकडा आणि अर्थिंगची चिमुकली खूण. पुढचा सगळा प्रवास गाडीच्या पत्र्यातून, आणि पत्रा कुणी काढलेला नाही. गंज नेमका तिथेच चढतो. इंडिकेटर लावला की शेजारचा साइडलाइट लुकलुकतो, हा भुताटकीचा प्रकार त्यातलाच: परतीची वाट अडली की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून घुसून बाहेर पडू पाहतो.

इथे मीटरही फसवतो. बल्ब काढून होल्डरवर मोजले तर १२ व्होल्ट छान दिसतात, कारण प्रवाहच नसतो. ६० वॅटचे दोन दिवे पेटले की साधारण १० अँपिअर वाहतात आणि सामाईक वाटेवरचा दशांश ओहमचा गंजही एक व्होल्ट गिळतो. दाब एक दशांशाने घटला, तर उजेड जवळजवळ तीन दशांशांनी घटतो. म्हणून दिवा पेटता ठेवून मीटरची एक पिन दिव्याच्या काळ्या तारेवर आणि दुसरी बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकावर टेकवावी. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी पॉलिश पेपर हातात घ्यावा.

या पानाचा दोष काढायचा तर हाच: जाण्याला त्याने रंग दिले, येण्याला नाही. पण लोखंडी गाडीतल्या प्रत्येक बोल्टचा गंज कोणता नकाशा दाखवणार? तेवढे वाचकावर सोपवण्यात या पानाने चूक केली असे मला वाटत नाही.